पन्नासची नोट

(आपल्या शाळेच्या १९९५ सालच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तीस वर्षांनी या सभागृहात उभी आहे. पंखे तेच आहेत, त्यांचा आवाजही तोच आहे. बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे हात आपोआप मागे बांधले गेले आहेत. वयाची पंचेचाळिशी आली, केस रंगवायला लागले, ऑफिसात माझ्या हाताखाली वीस माणसं काम करतात. पण बाईंनी चष्म्यावरून पाहिलं की गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं.

समितीचा फोन आला तेव्हा मला दिलेला विषय होता 'आयटीतली चोवीस वर्षं'. मी म्हटलं, त्यावर बोलले तर तुम्ही सगळे जेवणाआधीच झोपाल. त्यापेक्षा माझ्या श्रद्धेनं रोजच्या जगण्यात मला काय शिकवलं, यावर बोलू का? पलीकडे जरा शांतता पसरली. मग समितीतला आपला मित्र हळूच म्हणाला, "चालेल गं, पण प्रवचन नको हं."

प्रवचन करणार नाही. मला ते येतही नाही. पण आज मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती याच सभागृहात, याच लोकांसमोर सांगणं भाग आहे. तिथपर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल. तेवढं सांभाळून घ्या.

आपल्या 'ब' तुकडीत मी एकटीच ख्रिस्ती. पहिल्या दिवसापासून तुमचे प्रश्न ठरलेले असायचे. तुम्ही घरी इंग्रजी बोलता का? तुमचं आडनाव मराठी कसं? नाताळला तुमच्या घरी खरंच सांताक्लॉज येतो का? आमच्या घरी इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं. पप्पा कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते, आम्ही रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो. आज्जी नगर जिल्ह्यातली, तिची भाषा नगरची. नाताळला आमच्याकडे करंज्या आणि शंकरपाळे व्हायचे आणि ते डब्यातून वर्गात येईपर्यंत निम्मे संपलेले असायचे. कुणी संपवले, ते इथे पहिल्या रांगेत बसले आहेत.

ठाण्यात तलावपाळीजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च आहे, ते पोर्तुगीज काळापासूनचं. ठाण्याचे जुने कॅथलिक ख्रिस्ती त्या परंपरेतले. आम्ही नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनचे. या मिशनचं काम मुंबईत १८१३ साली सुरू झालं आणि १८३१ साली नगरला पोचलं. आमची उपासना मराठीत, गाणी मराठीत. 'उपासना संगीत' हे आमच्या गाण्यांचं पुस्तक आज्जीला जवळजवळ पाठ होतं, आणि त्यातली कितीतरी गाणी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची.

टिळकांवरून आठवलं. मराठीच्या तासाला 'केवढे हे क्रौर्य' ही कविता होती, आठवतं? शिकवता शिकवता बाई म्हणाल्या, हे कवी पुढे ख्रिस्ती झाले. त्यासरशी सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला, जणू काही त्यांना मीच नेलं! मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलंसुद्धा, "म्हणजे ते तुझे नातेवाईक का?"

नातेवाईक नव्हते, पण आपले गाववाले होते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. पण त्यांचं प्राथमिक शिक्षण झालं ते आपल्या कल्याणात, १८६९ ते १८७३ या काळात. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ साली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. म्हणजे टिळक कल्याणात शाळेत जात होते तेव्हा आगगाडी इथे येऊन पंधरा वर्षं झाली होती. पुढे त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं तेही आगगाडीतच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. तो आपुलकीने वागला, गप्पा झाल्या आणि त्याने टिळकांना शास्त्राची एक प्रत दिली. वाचेन असा शब्द दिला होता म्हणून टिळकांनी ती वाचायला घेतली आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला या हकिगतीत आवडतं ते हे की तिची सुरुवात देवळात किंवा चर्चमध्ये झाली नाही. गाडीच्या डब्यात एक माणूस दुसऱ्याशी बरा वागला, एवढ्यावरून झाली. आणि लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तर तुम्ही सगळ्यांनी निदान धड्यापुरतं वाचलं आहे. त्यात मोठं तत्त्वज्ञान नाही. स्वयंपाकघर आहे, सोवळं आहे, नवऱ्याचा विसरभोळेपणा आहे, पाहुणे आहेत. आणि बाई स्वतःची फजिती आधी सांगतात. आज्जी म्हणायची, "लक्ष्मीबाई खरं बोलती, म्हून गोड लागती."

आज्जीने मला श्रद्धा शिकवली ती याच पद्धतीने. ती फारशी शिकलेली नव्हती. ती म्हणायची, प्रभू येशूने सांगितलेल्या गोष्टी बघ, सगळ्या घरातल्या आणि शेतातल्या आहेत. पिठात कालवलेलं खमीर. मोहरीचा दाणा. मासे धरायचं जाळं. जुन्या कपड्याला लावलेलं नव्या कापडाचं ठिगळ. एका बाईचं हरवलेलं नाणं. ज्याला देवाबद्दल बोलायचं होतं, त्याने उदाहरणं उचलली ती परसातून. मग आपल्यालाही रोज कुठे ना कुठे धडा सापडलाच पाहिजे, असं तिचं म्हणणं.

मी तेच करायला शिकले आणि त्यात हुशार झाले. आता ती हुशारी कशी होती ते सांगते.

इंजिनीअरिंग झालं, २००१ साली नोकरी लागली आणि आपल्या सगळ्यांसारखंच माझंही आयुष्य सेंट्रल रेल्वेवर सुरू झालं. लेडीज डबा म्हणजे काय, ते मैत्रिणींना सांगायला नको. तीन जणींच्या बाकावर चौथी कशी बसते, अर्धी हवेत आणि एक पाय वाटेत, हे फक्त आपल्या लाइनीवर कळतं. "सरका जरा" म्हटलं की तिघी कुरकुरत का होईना, पण सरकतात. चढल्याबरोबर बसलेल्यांना विचारायचं, "तुम्ही कुठे?" ती म्हणाली "मुलुंड", की मुलुंडपासून ती सीट आपली. लेखी काही नाही, पण हा करार सहसा कुणी मोडत नाही.

एका संध्याकाळी माझ्यासमोर उभ्या असलेल्या एका बाईने अशीच मुलुंडची सीट धरली होती. हातात भाजीची पिशवी, चेहरा दमलेला. मुलुंड आलं, ती बसली, आणि ठाण्याला एक पोटुशी मुलगी चढली. ही बाई पाच मिनिटं बसली असेल नसेल, उठली आणि तिने त्या मुलीला जागा दिली. मग कल्याणपर्यंत उभी राहिली.

मी त्या काळी आमच्या चर्चमध्ये रविवारी मुलांची शब्बाथ शाळा घ्यायला लागले होते. त्या आठवड्याचा धडा मला आयताच मिळाला. येशूच्या काळी रोमी शिपाई कुणालाही धरून एक मैल ओझं वाहायला लावू शकत असे. येशूने सांगितलं, एक मैल सक्तीचा आहे ना, मग दुसरा मैल आपणहून जा. मी मुलांना लोकलमधल्या बाईची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, हा बघा दुसरा मैल. मुलांना आवडली. पालकांनाही आवडली.

फक्त एक तपशील मी गाळला होता. ती पोटुशी मुलगी चढली तेव्हा मी खिडकीजवळ बसले होते. मी तिला पाहिलं आणि डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं.

हसू नका. तुमच्यातल्या निम्म्या जणींनी ते सोंग घेतलेलं आहे!

तसंच २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्यापैकी प्रत्येकाची त्या रात्रीची एक कहाणी आहे. माझं ऑफिस तेव्हा पवईला होतं. गाड्या बंद, फोन बंद. कमरेएवढ्या पाण्यातून चालत भांडुपपर्यंत आले आणि पाय उचलेना. एका चाळीच्या दारात उभ्या असलेल्या मावशींनी हाताला धरून मला आत घेतलं. कोरडा गाऊन दिला, चहा दिला, वरणभात दिला आणि स्वतःच्या अंथरुणावर झोपवलं. भिंतीवर साईबाबांचा मोठा फोटो होता, त्याच्यासमोर दिवा लावलेला. माझ्या गळ्यातला क्रूस त्यांना दिसलाच असणार. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी मी निघाले तेव्हा त्यांनी बिस्किटाचा पुडा पर्समध्ये कोंबला.

येशूने चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली आहे. रस्त्यात मार खाऊन पडलेल्या यहुदी माणसाला त्याच्याच धर्माचे मोठे लोक ओलांडून जातात, आणि ज्यांच्याशी यहुदी लोक वागणूक ठेवत नसत, त्या शोमरोनी लोकांतला एक जण थांबतो. त्या रात्री ती गोष्ट मला नव्याने समजली. गोष्टीत मदत करणारा 'आपल्यातला' नाही, मदत घेणारा 'आपल्यातला' आहे. आम्हा चर्चमधल्या लोकांना स्वतःला शोमरोनी समजायला फार आवडतं. त्या रात्री मी रस्त्यात पडलेली होते.

हाही धडा मी पुष्कळ वेळा सांगितला. पण त्या मावशींकडे परत एकदाही गेले नाही. आज त्यांचं घर शोधायचं म्हटलं तर मला सापडणार नाही.

म्हणजे माझं काय चाललं होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. रोजच्या अनुभवांतून धडे शोधायचे आणि ते दुसऱ्यांना वाटायचे. शोधणारी मीच असल्यामुळे मला सोयीचे तेवढेच सापडायचे.

आता ऑफिसची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका प्रणालीत महिनाअखेरीला घोळ झाला. काही ग्राहकांच्या खात्यातून एकाच बिलाचे पैसे दोनदा कापले गेले. रात्रभर फोन. मीटिंगमध्ये एका नव्या मुलाचं नाव पुढे आलं, कारण शेवटचा बदल त्याने केला होता. सहा महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा, कॅमेऱ्यात त्याचा चेहरा पांढरा पडलेला दिसत होता.

आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे गिट नावाचं एक साधन वापरतो. कुणी, कधी, कुठल्या ओळीत काय बदललं याची सगळी नोंद त्यात असते. त्यात एक आज्ञा आहे, तिचं नावच 'ब्लेम'. ती चालवली की प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव येतं. मी ती चालवली. चुकीची ओळ त्या मुलाची नव्हती. त्याच्या बदलामुळे फक्त ती उघडी पडली होती. ओळ तीन वर्षांपूर्वीची होती आणि तिच्यापुढे माझं नाव होतं.

खोटं कशाला बोलू, पाचएक मिनिटं मी स्क्रीनकडे नुसती बघत बसले. मीटिंग चालू होती, कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मग बोलले. "ही ओळ माझी आहे. त्याची चूक नाही." मीटिंग पुढे गेली, चूक दुरुस्त झाली, ग्राहकांचे पैसे परत गेले. मला कुणी काही म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मी हीच साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सर्वांसमोर सांगणं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ, त्याच्याशी मी तिचा संबंध जोडला. छान झाली. उपासनेनंतर चहाच्या वेळी चार जणांनी येऊन हात हातात घेतला.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी शब्बाथ शाळेत हरवलेल्या नाण्याचा पाठ होता. एका बाईकडे दहा नाणी असतात, एक हरवतं. ती दिवा लावते, सगळं घर झाडून काढते, नाणं सापडतं आणि आनंदाने ती शेजारणींना बोलावून सांगते. मी रंगवून सांगितलं. सात-आठ वर्षांची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "टीचर, नाणं सापडेपर्यंत तिला शेजारणींचा संशय नाही का आला?"

मुलांना विचारायला काय जातं! पण मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

आता तुम्ही जरा माझ्या मागे बघा. या बॅनरवर मधोमध आपल्या नववीच्या सहलीचा फोटो आहे. जानेवारी १९९४, रायगड. सगळे दात काढून हसतो आहोत. मी पहिल्या रांगेत, गळ्यात वॉटर बॅग. या फोटोत आपल्या वर्गातली एक मुलगी नाही. नाव घेत नाही. आपल्या तुकडीत ते सांगायची गरजही नाही, तुम्हाला सगळ्यांना आठवतं आहे. आणि नेमकं तेच वाईट आहे.

मी वर्गाची मॉनिटर होते. सहलीची वर्गणी माझ्याकडे जमा व्हायची आणि मधल्या सुट्टीनंतर मी ती बाईंकडे द्यायची. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी हिशेबात पन्नास रुपये कमी भरले. बाईंनी विचारलं, पैसे असताना तुझ्या बाकापाशी कोण आलं होतं? मी तिचं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं. ती आली होती, माझ्याकडून पट्टी मागून घेतली होती. आणखीही चार जणी आल्या होत्या. पण माझ्या तोंडून तिचंच नाव निघालं. का निघालं, ते आज मला नीट माहीत आहे. तिची आई चार घरची धुणीभांडी करायची.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तिचं दप्तर टेबलावर रिकामं केलं गेलं. काही सापडलं नाही, पण वर्गाचा निकाल लागून गेला होता. बाई, मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही मिळालेल्या माहितीवर वागलात, आणि माहिती मी दिली होती.

नऊ दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, आज्जीने नाताळच्या साफसफाईला सगळ्यांना जुंपलं. मी माझी कंपासपेटी साफ करायला घेतली. झाकणाच्या आत वेळापत्रकाचा कागद खोचलेला होता. तो काढला तर मागे चौकोनी घडी केलेली पन्नासची नोट. पैसे मोजताना मीच ती तिथे सरकवली होती आणि विसरले होते.

गोष्टीतल्या बाईला नाणं सापडलं तेव्हा तिने शेजारणींना हाक मारली. मी कुणालाच हाक मारली नाही.

सोमवारी शाळेत जाऊन सांगायचं म्हणजे मॉनिटरचा बिल्ला जाणार, बाईंची लाडकी राहणार नाही, वर्ग हसणार. नोट घरात ठेवायचीही भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपासनेत अर्पणाची थैली फिरते. ती माझ्यापाशी आली आणि मी ती नोट थैलीत टाकली. शेजारी आज्जी बसली होती. तिला वाटलं, मी खाऊचे पैसे साठवून नाताळचं दान दिलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

शास्त्रात मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूचं एक सांगणं आहे. तू वेदीवर अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की कुणाच्या तरी मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्या माणसाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. हा त्याच डोंगरावरच्या प्रवचनाचा भाग, जिथे टिळक अडकले होते. मी तो शंभर वेळा वाचला असेल, मुलांना शिकवला असेल. मी कधी अडकले नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीने अडकवलं.

मग शोध सुरू केला. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती नव्हती. कुणीतरी सांगितलं, डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. सहा वेळा मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. सातव्या वेळी आत गेले. संध्याकाळची वेळ, स्टेशनवरून घरी जाणाऱ्या बायकांची रांग. चार बायका पोळ्या लाटत होत्या, ती गल्ल्यावर. मी रांगेत उभी राहिले. नंबर आला तेव्हा तिने मान वर केली आणि म्हणाली, "मॉनिटर ना तू?"

मी तिथेच, गिऱ्हाइकांच्या रांगेत, सांगून टाकलं. ती हातातल्या पोळ्या मोजत राहिली. मागच्या बाईंना बारा पोळ्या आणि दोन भाज्या बांधून दिल्या, सुटे परत केले. मग एका मुलीला गल्ल्यावर बसवून मला आतल्या बाजूला घेऊन गेली.

ती म्हणाली, "मी घेतले नाहीत हे मला माहीतच होतं गं. तू चोरलेस असंही कधी वाटलं नाही. मला वाटायचं, कुठेतरी पडली असेल नोट."

मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली आणि पन्नास रुपये भरून गेली. माझी पोरगी चोर नाही, पण तिला शाळेतून काढू नका, असं सांगून. सहलीसाठी ठेवलेल्या पैशातलेच होते ते. म्हणून मी आले नाही. तुम्हाला वाटलं, तोंड लपवून बसली."

हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं माहीत नव्हतं.

आणि मग तिने जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. "आई म्हणायची, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण आमच्या घरात पैशांचा डबा फडताळात असायचा, तांदळाच्या मागे. त्या दिवसानंतर आईने त्याची जागा बदलली. कुठे ठेवला ते मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही." तिची आई चार वर्षांपूर्वी गेली.

मी पाकीट नेलं होतं. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा एक जकातदार आहे. तो म्हणतो, ज्याचं मी अन्यायाने घेतलं असेल, त्याला चौपट परत देईन. मी इंजिनीअर, मी तर चक्रवाढ व्याजाने हिशेब केला होता. तिने पाकीट उघडलं, आतून पन्नासची एक नोट काढून घेतली आणि बाकीचं माझ्या हातात परत दिलं. "हे आईचे. बाकीचं तुझं तुझ्याकडे ठेव."

मी रडत होते. ती रडत नव्हती. निघताना म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग? मला तर ठाऊकच होतं. माझं दप्तर जिथे ओतलं, तिथे सांग."

म्हणून मित्रमैत्रिणींनो, आयटीतली चोवीस वर्षं बाजूला ठेवून मी आज हे सांगते आहे. ते पन्नास रुपये तिने घेतले नव्हते. ते माझ्या कंपासपेटीत होते, मला नऊ दिवसांत सापडले होते आणि मी गप्प बसले होते. तिचं नाव तुमच्यापैकी कुणाच्या मनात त्या गोष्टीशी जोडलेलं असेल तर ते आज पुसून टाका आणि तिथे माझं नाव लिहा.

आमच्या क्षेत्रात एक चांगली पद्धत आहे. काही बिघडलं की दोष कुणाचा हे लिहायचं नाही, काय घडलं तेवढं लिहायचं. त्याने माणसं घाबरत नाहीत, खरं बोलतात. मी ती पद्धत मानते. पण जिथे दोष आधीच कुणा निरपराध माणसावर टाकून झालेला असतो, तिथे नुसतं 'काय घडलं' सांगून भागत नाही. तिथे नाव सांगावंच लागतं.

तिने मला माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. मी तिला विचारलं नाही. क्षमा हा माझ्या श्रद्धेचा गाभा आहे. देव क्षमा करतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण देवाकडची क्षमा दाखवून माणसाकडून पावती मागता येत नाही, एवढं मला आता कळलं आहे. ती देईल तेव्हा देईल. नाही दिली तरी तिचा तो हक्क आहे. तिच्या आईकडे मात्र मला जाता येणार नाही. डबा ज्या जागी ठेवला होता, ती जागा आता कुणालाच माहीत नाही.

शेवटी एक विनंती. आपली तुकडी शाळेला भेट म्हणून प्रोजेक्टर देणार आहे. चांगलं आहे, माझी वर्गणी मी दिली आहे. त्याशिवाय मी मुख्याध्यापकांशी बोलले आहे. दरवर्षी सहलीच्या वेळी ज्या मुलांना पैसे भरता येत नाहीत त्यांचे पैसे शाळेत आधीच भरलेले असतील, अशी व्यवस्था करायची आहे. कुणाचं नाव वर्गात वाचलं जाणार नाही, कुणाला हात वर करावा लागणार नाही. सुरुवात त्या परत आलेल्या पाकिटाने झाली आहे. ज्यांना भर घालायची असेल त्यांनी जेवणानंतर मला भेटा. पैसे मी स्वतःकडे घेणार नाही, थेट शाळेच्या कार्यालयात भरायचे आहेत. पैसे माझ्याकडे ठेवायला देऊ नयेत, हे तर तुम्हाला आता कळलंच आहे!

आज्जी असती तर हे ऐकून आधी तिने मला दोन शब्द सुनावले असते आणि मग जेवायला वाढलं असतं. जेवण गार होतंय. पोळ्या डोंबिवलीहून आल्या आहेत. कुणाच्या केंद्रातून, ते समितीला विचारा, आणि जेवताना त्या मोजून खा.